पाक न्याल, फाटक विसराल

मधमाश्यांच्या अशक्त पेटीला पाक द्यायला निघताना काय लागतं? साखर, पाणी, पाकाची बरणी, बुरखा, हातमोजे, स्मोकर म्हणजे माश्या शांत करायचा धुराचा डबा, काडेपेटी, चौकटी सुट्या करायची पटाशी. यातलं काही कुणी विसरत नाही. मीही विसरलो नव्हतो. विसरलो ती पेटीचं दार लहान करायची वीतभर लाकडी पट्टी. तिला फाटक म्हणा, गेट म्हणा, काहीही म्हणा, पण पाकासाठी पाणी गरम करायला ठेवण्याआधी ती खिशात घाला. पिशवीत नको, खिशात. पिशवीत ती तळाला जाते आणि हात चिकट झाल्यावर शोधायचा कंटाळा येतो.

माझं झालं असं. फुलोऱ्यात खंड पडला होता आणि सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, एक वसाहत पार खंगली होती, पोळ्याच्या जेमतेम तीन लाकडी चौकटी माश्यांनी झाकलेल्या. दहा-बारा पावलांवर दोन भरभक्कम पेट्या. दुपारी मोकळा होतो म्हणून दुपारीच गेलो. दार सताड उघडं ठेवून पाक भरला. दारासमोरच्या फळीवर चमचाभर सांडला तो पुसलाही नाही, चाटतील त्याच, म्हटलं. तासाभरानं येऊन बघतो तर दारात ही गर्दी! सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. वाटलं, पाक मानवला. मग उकिडवा बसून नीट पाहिलं. फळीवर दोन-दोन माश्या एकमेकींच्या तंगड्या धरून गरगर फिरत होत्या आणि तशाच धरलेल्या खाली मातीत पडत होत्या. काही माश्या काळ्या, तुकतुकीत, अंगावरची लव झडलेली, दार सोडून झाकणाच्या फटी हुंगत हिंडत होत्या. त्या माझ्या त्या पेटीतल्या नव्हत्याच. संध्याकाळपर्यंत पाक तर गेलाच, चौकटीत होता नव्हता तो मधही गेला, तळपाटावर कुरतडलेल्या मेणाचा भुसा उरला. चौथ्या दिवशी पेटी रिकामी. सातेरी तशी रुसकी, घर लुटलं गेलं की राणीसकट चालती होते.

सगळं त्या पट्टीपायी. फुलं नसतात तेव्हा जोमदार वसाहतीतल्या हजारो माश्या बेकार बसलेल्या असतात. त्यातली एखादी पोटभर पाक घेऊन घरी गेली की नाचून आणि वास देऊन बाकीच्यांना उठवते. अशक्त पेटीत पहारेकरी माश्या मूठभर. वीतभर दार त्या राखणार कशा? तेच दार एक-दीड सेंटिमीटरवर आणलं, एका वेळी एक-दोन माश्याच शिरतील इतकं, की मूठभर पहाराही पुरतो. म्हणून क्रम पाठ करून टाका: आधी फाटक, मग झाकण, मग पाक. पाक देऊन झाल्यावर लावू म्हणाल तर विसराल. मी विसरलो तो तसाच. जोमदार पेटीला एवढं आवळू नका, आत उकडतं. तिला तीन-चार बोटांचं दार चालतं.

झाकण नीट बसतं का, कोपरे फुगलेत का, लाकडाला चीर आहे का, हे दिवसाउजेडी बघून ठेवा. दार लहान करून मागची फट उघडी ठेवलीत तर फाटकाला काही अर्थ नाही. फट बुजवायला ओली माती चालते, जुनं मेण त्याहून बरं.

वेळ संध्याकाळची. बाहेरच्या माश्या घरी परतल्यावर, पण हातातलं दिसेल इतका उजेड असताना. रातोरात पाक आत जिरला की सकाळी बाहेर वास उरत नाही. दोन-तीन पेट्या असतील तर सगळ्यांना एकाच संध्याकाळी द्या. धष्टपुष्ट पेटीला गरज नसली तरी थोडा द्यावाच, तिचं लक्ष शेजारी जात नाही. ओलं फडकं सोबत हवं. थेंब सांडला की तिथल्या तिथे पुसायचा, आणि ते फडकं पेटीजवळ टाकून यायचं नाही.

आता पाक. वसाहत वाढवायची असेल, राणीनं अंडी जोमानं घालावीत असं वाटत असेल, तर पातळ: १ किलो साखरेला १ लिटर पाणी. पुढच्या टंचाईसाठी साठा करून द्यायचा असेल तर दाट: २ किलोला १ लिटर. पाणी गरम करा, भांडं खाली उतरवा, मग साखर घालून ढवळा. साखर घातल्यावर उकळत ठेवू नका, करपलेली साखर माश्यांना बाधते. पूर्ण निवल्याशिवाय न्यायचा नाही. पातळ पाक दोन-तीन दिवसांत आंबायला लागतो, तेव्हा लागेल तेवढाच करा.

पांढरी साखरच. गूळ, काकवी, तपकिरी साखर नको, त्यातल्या क्षारांनी माश्यांना हगवण लागते. ‘नैसर्गिक आहे म्हणून बरं’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि साखरच घाला. बाहेरून आणलेला मध तर अजिबात नको. कुठल्या पेटीतला, तिला काय रोग होता, काही ठाऊक नसतं, आणि अमेरिकन फाउलब्रूड नावाच्या अळ्या सडवणाऱ्या रोगाचे बीजाणू मधात आणि जुन्या चौकटीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. शिवाय मधाचा वास पाकापेक्षा लांबवर जातो, म्हणजे पुन्हा लूट, पुन्हा तेच दार, पुन्हा तीच पट्टी. घेतलीत ना?

पाकाचं भांडं पेटीच्या आत. बाहेर उघड्यावर पसरट ताटात ठेवणं म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या माश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांना आवतण. झाकणाला बारीक भोकं पाडलेली बरणी चौकटींच्या वर उपडी ठेवायची, भोवती रिकामी कोठी, म्हणजे पेटीचा एक मोकळा मजला, आणि वर झाकण. उपडी करताच चार थेंब पडतात आणि थांबतात. थांबले नाहीत तर भोकं मोठी झालीत किंवा झाकण सैल आहे. हे घरीच मोरीत तपासा, पेटीवर नव्हे. उघडं भांडं ठेवणार असाल तर पाकावर काड्या तरंगत्या हव्यात, नाहीतर सकाळी वर मेलेल्या माश्यांचा थर दिसतो. भांडं लहान ठेवा. अशक्त वसाहत रात्रीत अर्धा लिटरही संपवत नाही.

वरची मधकोठी, म्हणजे माश्या मध साठवतात तो मजला, काढायला विसरू नका. मध काढायचा असेल तेव्हा पाक द्यायचा नाही. माश्या पाकही कोठीतच भरतात, आणि मग तुम्ही मध म्हणून साखर विकता.

पेटी उघडल्यावर दोन गोष्टी बघा आणि मिटा. एक, अंडी आहेत का. पोळ्यातल्या सहाकोनी घराच्या तळाशी तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, उभी किंवा कललेली पांढरी काडी दिसली की गेल्या तीन दिवसांत राणी तिथं अंडी घालून गेली आहे. राणी शोधत बसू नका. अंडीच नसतील तर पाकानं काही होणार नाही, आधी राणीचं बघा. दोन, माश्यांच्या मानानं चौकटी जास्त तर नाहीत ना. रिकामी पोळी माश्यांना राखता येत नाहीत, तिथं मेणकिडा शिरतो. त्या काढून घ्या, आतली जागा फळीनं आवळा. आतली जागा आवळणं आणि बाहेरचं दार आवळणं, अशक्त पेटीचं हे दोन्ही एकत्रच करायचं.

स्मोकर पेटवा, पण धूर थंड आणि बेताचा. सुका पाला, स्वच्छ गोणपाट. रंगवलेलं किंवा तेलकट काही जाळू नका. डंख झाला तर नांगी लगेच नखानं खरवडून काढा आणि त्या जागेवर धूर घ्या, कारण तिथून पिकल्या केळ्यासारखा जो वास येतो तो बाकीच्यांना हल्ल्याची वर्दी असतो. तुम्ही कुठे जाताय हे घरात कुणाला तरी सांगून जा. डंखानंतर धाप लागली, तोंड सुजलं, गरगरलं तर पेटी तशीच सोडून थेट दवाखाना.

स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. वाळल्यात का बघा.

सकाळी जाऊन उरलेला पाक काढा, आंबतो. भांडी गरम पाण्यानं धुवा. किती पाक दिला, किती उरला, तारीख, वहीत एक ओळ पुरे. दुपारी पुन्हा एक चक्कर. दारासमोर कोवळ्या माश्या पेटीकडे तोंड करून हेलकावे घेत असतील तर घाबरू नका, त्या घर ओळखायला शिकताहेत, अर्ध्या तासात आत जातात. मारामारी असेल तर लूट आहे. मग झाकण उघडून बघत बसायचं नाही, दार एका माशीपुरतं करायचं, पेटीवर ओलं फडकं टाकायचं, आणि अंधार पडल्यावर पाक काढून घ्यायचा.

फाटक तसंच राहू द्या. माश्या पायाला पराग लावून येऊ लागल्या, दारात आत-बाहेर करणाऱ्यांची खरीच कोंडी व्हायला लागली, की बोटभर सरकवा. एकदम काढू नका.