इंग्रजी शब्द पाठ होत नाहीत? एका पानावर एकच धातू

शंभर शब्दांची यादी घोकायची आणि आठवडाभरात विसरायची, हा अनुभव बहुतेकांचा. त्यापेक्षा वहीच्या एका पानावर एकच लॅटिन धातू, म्हणजे इंग्रजी शब्दांमागचं लॅटिन मूळ, घ्या. आपल्याकडे 'हार'पासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात ना, तसंच.

१. पानाच्या मधोमध धातू लिहा. उदा. 'रप्ट' म्हणजे तुटलेलं, फुटलेलं.

२. भोवती उपसर्ग लावून शब्द मांडा. 'इंटर' म्हणजे मध्ये, म्हणून इंटरप्ट: बोलणं मध्येच तोडणं. 'एक्स'चा 'इ' म्हणजे बाहेर, म्हणून इरप्ट: फुटून बाहेर येणं, ज्वालामुखीसारखं. अ‍ॅब्रप्ट म्हणजे तोडल्यासारखं अचानक. डिसरप्ट, करप्ट, रप्चर याच घरातले. बँकरप्ट मात्र इटालियनमधून आला आणि नंतर लॅटिन वळणाने लिहिला जाऊ लागला. पाहुणा म्हणून त्यालाही पानावर जागा द्या.

३. वाचताना त्या घरातला नवा शब्द भेटला की त्याच पानावर टिपा. वेगळी यादी करू नका.

सुरुवातीला रप्ट, स्पेक्ट (पाहणं), पोर्ट (वाहून नेणं) आणि डिक्ट (बोलणं) एवढे चार पुरेत.

एक सांभाळा: दिसायला सारखं म्हणजे एकाच घरातलं नव्हे. पेडल आणि पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. आपल्या 'पद'चा भाऊबंदच. पण पीडिअ‍ॅट्रिशियनमधला 'पेड' ग्रीक, म्हणजे मूल. नाहीतर बालरोगतज्ज्ञाकडे पाय दाखवायला जाल! शंका आली की शब्दकोशातली व्युत्पत्ती बघा.