एम्पिरिकल सूत्र काढताना या चुका टाळा

एम्पिरिकल सूत्र म्हणजे संयुगातल्या अणूंचं सर्वांत साधं पूर्णांकी गुणोत्तर. ते काढताना सगळ्यात महागात पडते ती १.३३ ला १ करून टाकण्याची चूक. व्हिटॅमिन सीचं गणित घ्या: कार्बन ४०.९२ टक्के, हायड्रोजन ४.५८, ऑक्सिजन ५४.५०. शंभर ग्रॅम धरून प्रत्येकाला अणुवस्तुमानाने भागलं की मोल (अणूंची संख्या मोजायचं माप) येतात ३.४१, ४.५४ आणि ३.४१. त्यांना सर्वांत लहान आकड्याने भागा. १ : १.३३ : १. ‘पॉइंट तेहतीसच तर आहे’ म्हणत मुलं १ : १ : १ लिहून मोकळी होतात. गंमत म्हणजे पुढे काही अडतच नाही. सीएचओचं वस्तुमान २९, दिलेलं रेणुवस्तुमान १७६, भागाकार ६.०७. झालं, सी६एच६ओ६! साफ चूक.

१.३३ म्हणजे चार तृतीयांश. तिन्ही आकड्यांना ३ ने गुणा, ३ : ४ : ३ येतं. सी३एच४ओ३ चं वस्तुमान ८८, १७६ च्या बरोबर निम्मं. म्हणून रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूतले प्रत्यक्ष अणू सांगणारं सूत्र, सी६एच८ओ६. शेपटीला .५ असेल तर २ ने, .६७ ला ३ ने, .२५ किंवा .७५ ला ४ ने गुणायचं. १.०२ किंवा २.९८ आलं तर मात्र खुशाल पूर्णांक करा.

ताळा हायड्रोजनवरून करा. सी६एच६ओ६ मध्ये तो जेमतेम ३.५ टक्के भरतो, गणितात दिलाय ४.५८. कार्बन ४१.४ येतो, त्यावरून चोरी पकडली जात नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ऑक्सिजनला ३२ ने भागणं. हवेत तो जोडीने असला, तरी इथे आपण सुटे अणू मोजतोय, तेव्हा १६. ही चूक निदान ओरडून सांगते: वरच्याच गणितात सी६एच८ओ३ येतं आणि १७६ ला १२८ ने भागल्यावर १.३७५, पूर्णांक नाहीच.

टक्क्यांचंच गुणोत्तर लिहिणारेही भेटतात. टक्के वजनाचे असतात, अणूंचे नव्हेत.

एम्पिरिकल सूत्रावर थांबू नका. फॉर्मॅल्डिहाइड, व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड आणि ग्लुकोज, तिघांचंही सीएच२ओच, टक्केवारीही तीच. रेणुवस्तुमानं ३०, ६० आणि १८० आहेत, म्हणून गुणायचं अनुक्रमे १, २ आणि ६ ने.

आणि मिठाचं रेणुसूत्र शोधत बसू नका. सोडिअम-क्लोराइडच्या स्फटिकात सुटा रेणूच नसतो. एनएसीएल हे त्याचं सर्वांत साधं गुणोत्तर.