केएमएस घातलं होतं, तरी बाटली फसफसली: या चुका टाळा

जूनचा दुसरा आठवडा लागला की माझा फोन वाजायला लागतो. मे महिन्यात आंब्याचं स्क्वॅश करून ठेवलेलं असतं, पहिला पाऊस पडतो आणि कुणाच्या तरी कपाटात रात्री बूच उडतं. फोनवरचं वाक्य दरवर्षी तेच: “ताई, केएमएस घातलं होतं की हो!” मी विचारते, किती घातलं, कधी घातलं आणि कशात घातलं? तीनपैकी एकाला तरी उत्तर येतं, “अंदाजाने.”

केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. मिठासारखी पांढरी भुकटी, पाकीट उघडलं की काडी ओढल्यासारखा वास थेट नाकात. बहुतेकांची समजूत अशी, की मीठ जसं लोणचं टिकवतं तशी ही भुकटी सरबत टिकवते. तसं नाही. आंबट रसात विरघळली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि राखणदारी तो करतो. शुद्ध केएमएसच्या वजनात या वायूचा वाटा ५७.६ टक्के. म्हणजे तुम्ही भुकटी मोजताय असं वाटतं, पण खरं तर मोजताय वायू. आणि वायू म्हटल्यावर तो उडणार, अडकणार, हवेशी संयोग होऊन निकामी होणार. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी याच तीन वाटांनी येतात.

चमच्याचं माप

चहाचा एक सपाट चमचा केएमएस म्हणजे साधारण ५ ते ७ ग्रॅम, भुकटी किती बारीक आहे त्यावर. ही जवळपास १० किलो स्क्वॅशची मात्रा झाली. घरी २ किलो स्क्वॅश करणारी बाई “पाव चमचा, वर थोडंसं” घालते तेव्हा ते अंदाजपंचे दाहोदरसेच असतं. कमी पडलं तर आंबतं, जास्त झालं तर पहिल्या घोटाला ठसका लागतो आणि पाहुणे “गोळीसारखी चव लागते” म्हणतात.

स्क्वॅश आणि सरबताच्या पाकाला आपल्याकडे सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा वर्षानुवर्षं ३५० पीपीएम धरली जाते, म्हणजे एका किलोत ३५० मिलिग्रॅम. ५७.६ टक्क्यांचा हिशेब लावला तर किलोला ०.६ ग्रॅम केएमएस होतं, त्यातून ३४५ पीपीएमच्या आसपास मिळतं. जुन्या प्रशिक्षण पत्रकांत जो ०.६ चा आकडा दिसतो, तो इथून आला.

आता ०.६ ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही. काटा एकतर शून्य दाखवतो नाहीतर एक. त्यासाठी मी गटातल्या बायकांना एकच युक्ती शिकवते. १० ग्रॅम केएमएस काट्यावर नीट मोजायचं, थोड्या गार पाण्यात विरघळवायचं आणि मापाच्या नळकांड्यात एकूण १०० मिलि होईपर्यंत पाणी घालायचं. या द्रावणाच्या ६ मिलिमध्ये बरोबर ०.६ ग्रॅम केएमएस असतं. औषधाच्या दुकानातली १० मिलिची सिरिंज घ्या, सुई काढून टाका, किलोला ६ मिलि. २० किलोच्या पातेल्याला १२० मिलि. द्रावण त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर ओतून द्यायचं. “उद्या चालेल ना?” असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. नाही चालणार.

गरम पाकात घालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती होते घाईमुळे. पाक उकळला, रस घातला, वाफ निघतेय, तोवर कुणीतरी केएमएस भुरभुरवतं. आजूबाजूच्या सगळ्यांना खोकला येतो आणि मग कौतुकाने म्हणतात, “बघ, किती जोरदार आहे!” तो जो खोकला आला ना, तेच तुमचं संरक्षक. ते पातेल्यातून निघून तुमच्या छातीत गेलं.

साखर, पाणी आणि सायट्रिक आम्ल उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या. पातेल्याला बाहेरून हात लावल्यावर कोमटसुद्धा लागता कामा नये. मग रस मिसळा. केएमएसचं द्रावण सगळ्यात शेवटी, भरायच्या जरा आधी, आणि लाकडी किंवा स्टीलच्या पळीने तळापासून ढवळून. कोरडी भुकटी थेट टाकली तर दाट आमरसात तिची गुठळी तळाशी बसते. मग पहिल्या दहा बाटल्यांत काहीच नाही आणि शेवटच्या दोघींत सगळं. अशा बॅचमध्ये काही बाटल्या फसफसतात, काही ठीक राहतात आणि लोक बुचांना दोष देतात.

भरताना मानेत बोटभर जागा सोडायची, काठोकाठ नाही. आणि डबे नकोत, काचच बरी. कथलाच्या मुलाम्याच्या डब्यात सल्फर डायऑक्साइड धातूला खातो, डबा आतून काळवंडतो आणि झाकण उघडल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो.

आंबटपणा न बघणं

इथे थोडं रसायनशास्त्र, पण कामाचं. रसात गेलेला सगळा सल्फर डायऑक्साइड सारख्याच ताकदीने लढत नाही. बुरशी-जिवाणूंच्या पेशीत घुसू शकतो तो त्याचा मोकळा, विद्युतभार नसलेला अवतार, आणि तो किती असणार हे पीएच ठरवतो. पीएच म्हणजे आंबटपणाचा आकडा: जितका कमी, तितका रस आंबट. पीएच ३ असेल तर बंधनात नसलेल्या सल्फाइटपैकी (सल्फाइट म्हणजे रसात विरघळलेला सल्फर डायऑक्साइडच) साधारण ६ टक्के या कामाच्या रूपात असतं, ३.५ ला ते २ टक्क्यांवर येतं आणि ४ ला एक टक्काही उरत नाही. म्हणजे अर्ध्या अंकाने पीएच चढला की त्याच मापाच्या केएमएसची ताकद एक तृतीयांश. त्यातही काही भाग साखरेला आणि रसातल्या इतर घटकांना चिकटून बसतो, तो वेगळाच.

म्हणून लिंबाचं स्क्वॅश सहसा बिघडत नाही आणि पिकलेल्या पायरीचं बिघडतं. चिकू, पपई, ताडगोळा, कलिंगड असल्या गोड फळांचं सरबत करणाऱ्यांनी तर सायट्रिक आम्ल मोजूनच घालावं. पीएच कागद स्वस्त मिळतो, ३.५ च्या खाली आल्याशिवाय केएमएसची पुडी उघडू नका. “आंबट फार होईल” म्हणून आम्ल कमी करायचं आणि त्याची भरपाई म्हणून केएमएस दुप्पट घालायचं, हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा आहे: मर्यादा ओलांडते आणि बाटली तरीही टिकत नाही.

जांभळाचा माझा पराक्रम

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ४० बाटल्या जांभळाचं सरबत फिकं करून दाखवलं आहे. दुपारी केएमएस घातलं तेव्हा रंग गडद जांभळा होता. संध्याकाळी लेबलं लावायला बसलो तर बाटलीत गढूळ, धुतलेल्या साडीसारखं काहीतरी. एका ग्राहकाने “हे कोणत्या फळाचं?” म्हणून विचारलं होतं. जांभूळ, स्ट्रॉबेरी, डाळिंब, लाल-निळी फळं यांचा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. सल्फाइट त्यांना चिकटतं आणि रंग घालवतं. अशा फळांना सोडियम बेंझोएट घालतात. बेंझोइक आम्ल म्हणून त्याची मर्यादा ६०० पीपीएम, म्हणजे किलोला सोडियम बेंझोएट साधारण ०.७ ग्रॅम. शिवाय यीस्टवर ते केएमएसपेक्षा बरं चालतं. केएमएसचा जोर बुरशी आणि जिवाणूंवर. आमसुलाचं मिठातलं आगळ असेल तर दोन्ही नको, तिथे मिठाचं आणि आंबटपणाचं राज्य पुरेसं असतं.

जुनं पाकीट

मागच्या मोसमातलं अर्धं पाकीट, रबरबँड लावून मसाल्याच्या फडताळात, गॅसच्या शेगडीच्या वर. कोकणातला एक पावसाळा त्यावरून गेला की भुकटी दगडासारखी होते. दमट हवेत मेटाबायसल्फाइटमधून वायू निघून जातो आणि उरलेल्याचं हळूहळू सल्फेट होतं. दिसायला पांढरंच, वजनाला तितकंच, कामाला शून्य.

शंका असेल तर घरच्या घरी ढोबळ परीक्षा करता येते. जखमेला लावतात ते ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीनचं तपकिरी औषध घ्या. नव्या पाकिटातलं १ ग्रॅम १ लिटर पाण्यात, जुन्यातलं १ ग्रॅम दुसऱ्या १ लिटरमध्ये. दोन्हीतलं सिरिंजने २-२ मिलि वेगवेगळ्या पांढऱ्या वाट्यांत. आता औषधाचे थेंब टाकत जा. सल्फाइट जिवंत आहे तोवर तपकिरी थेंब पडताक्षणी नाहीसा होतो. रंग टिकायला लागेपर्यंत नव्याला १८ थेंब लागले आणि जुन्याला ९, तर जुनं अर्धं मेलेलं आहे. त्यावरून मात्रा वाढवत बसू नका, पाकीट फेकून द्या. आणि त्या वाट्या पुन्हा खायच्या कामाला नकोत.

“सोडियमवालं स्वस्त पडतं”

सोडियम मेटाबायसल्फाइट हा सख्खा भाऊ. खाण्यात त्यालाही परवानगी आहे. लेबलवर पोटॅशियमचा क्रमांक २२४, सोडियमचा २२३. पण सोडियममध्ये सल्फर डायऑक्साइड ६७.४ टक्के. तेच ०.६ ग्रॅम घातलं तर ४०४ पीपीएम होतं आणि नमुना प्रयोगशाळेत नापास. सोडियम वापरायचं तर किलोला जेमतेम अर्धा ग्रॅम.

याहून वाईट म्हणजे टेक्निकल ग्रेडचं पोतं. सोडियम मेटाबायसल्फाइट कातडी कमावण्यात, कापडावरचं उरलेलं क्लोरीन मारायला, कागद कारखान्यात, फोटोच्या जुन्या डार्करूममध्ये, सोनं गाळण्यात, कुठेकुठे लागतं. त्या कामांना शिसं-आर्सेनिक किती आहे याची फिकीर नसते. खाण्यासाठी फूड ग्रेड लिहिलेलंच घ्या. गुऱ्हाळावर ज्याला हायड्रोस म्हणतात ते तर तिसरंच रसायन, सोडियम हायड्रोसल्फाइट. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्याचा वापर होतो, काही दिवसांनी तो गूळ पुन्हा काळवंडतो. ते आणि केएमएस एकच समजून अदलाबदल करणारे महाभाग मी पाहिलेत. ओलं झालं तर हायड्रोस स्वतःहून पेट घेऊ शकतं, त्यामुळे ते घरात आणूच नका.

कारखान्यातल्या दोन तक्रारी

धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या शॉपमधून सोडियम मेटाबायसल्फाइटबद्दल, म्हणजे त्यांच्या “मेटाबाय”बद्दल, येणारी तक्रार अशी: “मेटाबाय ओतलं, तरी सांडपाण्याचा पिवळेपणा जात नाही.” क्रोमियमचं विषारी, पिवळं रूप हिरव्या, कमी घातक रूपात आणायला हे रसायन उत्तम, पण पाण्याचा पीएच २ ते ३ वर असेल तेव्हाच. आम्ल न घालता नुसतं पोत्यावर पोतं ओतलं तर प्रतिक्रिया रेंगाळते, पैसे मात्र पाण्यात जातात. आधी आम्ल, मग मेटाबाय, पाणी हिरवट झालं की चुना घालून पीएच ८-९ वर न्या, गाळ खाली बसेल. आम्ल आणि मेटाबाय एकत्र येताना टाकीवर वाकून बघायचं नाही. हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड असतो, खड्ड्यात आणि टाकीत तळाशी साचतो. पंखा चालू, दार उघडं.

आरओ प्लांटवाल्यांची चूक डोसिंगच्या टाकीत असते. एक भाग क्लोरीन मारायला कागदावर १.३४ भाग सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं, प्रत्यक्षात ३ भाग धरतात. पण महिनाभरापूर्वी भिजवलेलं २ टक्क्यांचं पातळ द्रावण पंपाने इमानदारीत सोडत राहिलं, तर सोडतोय ते बव्हंशी सल्फेटचं पाणी. इतकं पातळ द्रावण तीन दिवस टिकतं, १० टक्क्यांचं आठवडाभर. क्लोरीन तसंच पुढे जातं आणि महागडा मेम्ब्रेन खराब होतो.

नाशिककडच्या द्राक्षांच्या पेटीत जो कागदी पॅड ठेवतात, त्यातही हेच सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. दमटपणा लागला की तो वायू सोडतो, बुरशी रोखतो. द्राक्षं गरम असतानाच पेटी बंद केली तर आत पाणी सुटतं, वायू एकदम बाहेर पडतो आणि मण्यांच्या देठाजवळ पांढरे डाग. माल आधी गार, मग पॅड, मग पिशवी बंद. युरोपात टेबल द्राक्षांवर सल्फाइटची मर्यादा १० पीपीएम आहे, तिथे “थोडं जास्त” नावाची गोष्ट नसते.

दमेकरी आणि लेबल

काही दमेकऱ्यांना सल्फाइटने श्वास कोंडतो. अमेरिकेत १९८६ साली कच्च्या खायच्या फळा-भाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी आली ती याच त्रासामुळे. तेव्हा सोललेले बटाटे, कापलेली फळं पांढरीशुभ्र ठेवायला मेटाबायच्या पाण्यात बुडवणं बंद करा. मटणाला तर लावूच नका: शिळं मांस लालबुंद दिसतं आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. पाकीट फोडताना स्वतःच्या नाकावर मास्क, आणि गटात कुणाला दमा असेल तर त्या दिवशी तिला लेबलांचं काम द्या.

लेबलावरून आठवलं. किलोत १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर आपल्याकडच्या नियमांनुसार “सल्फाइट आहे” हे अॅलर्जीच्या ओळीत छापावं लागतं, आणि स्क्वॅशमध्ये ते त्याच्या कितीतरी पट असतं. मागच्या मोसमात एका ताईंनी मला लेबलचा नमुना पाठवला आणि म्हणाल्या, एवढी ओळ बसायला जागाच नाही. मी म्हटलं, वर मोठ्या अक्षरांत “शंभर टक्के नैसर्गिक, रसायनविरहित” लिहिलंय ना, ते काढा. तिथे दोन ओळी बसतात.