मशीन थांबवायचं कोणी? प्रॉडक्शनमधल्या या चुका टाळा

जुलैची रात्रपाळी, नवी मुंबईतल्या रबाळ्यातलं प्लास्टिकचे पार्ट काढणारं एक मोल्डिंग शॉप. नायलॉनच्या पार्टवर चंदेरी रेघा यायला लागल्या. ऑपरेटरने बॅरलचं, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीचं, तापमान चढवलं. सुपरवायझरने येऊन प्रेशर वाढवलं. मग मशीनचं सेटिंग लावणारा सेटर आला, त्याने मोल्ड म्हणजे साचा पुसला. सकाळपर्यंत रिजेक्शनचे क्रेट भिंतीला टेकले. शिफ्ट इंचार्ज मीच होतो, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवायची सोय नाही.

कारण निघालं साधं: प्लास्टिकचा दाणा वाळवणारा हॉपर ड्रायर ट्रिप होऊन बंद पडला होता. नायलॉन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात फारच झपाट्याने. साधारण 80 अंशांवर चारेक तास वाळवल्याशिवाय ते चालवायचं नसतं. ओल्या मालाचं तापमान वाढवलं तर रेघा जात नाहीत, उलट पार्ट ठिसूळ होतो. मग ड्रायर बघितला का नाही कोणी? दाणा भरायचा हेल्परने, तापमान लावायचं सेटरने, दुरुस्ती मेंटेनन्सची. चालू आहे की नाही हे बघायचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं.

त्या रात्रीची दुसरी चूक म्हणजे तिघांनी तीन सेटिंग बदलली आणि एकाचीही नोंद नाही. ऑपरेटरने दोष ओळखावा, मशीन थांबवावं, शेवटच्या चांगल्या पीसनंतरचा माल वेगळा काढून लाल क्रेटमध्ये टाकावा आणि हाक मारावी. सेटिंगला हात सेटरचा, तोही एका वेळी एकच बदल करून आणि लिहून. नाहीतर रेघा गेल्या तरी कशाने गेल्या ते कळत नाही.

पण ऑपरेटर मशीन थांबवत नाही, कारण थांबवलं तर पहिला प्रश्न येतो, 'कोणाला विचारून?' टोयोटाच्या लाइनवर दोरी ओढायचा हक्क कामगाराला असतो. दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. आपल्याकडे दोरी नसली तरी चालेल, आधी तो प्रश्न बंद करा.

सुपरवायझरचा आजार वेगळाच. बहुतेक जण उत्तम ऑपरेटर म्हणून वर आलेले असतात. कुठे अडलं की 'सरक बाजूला, मी करतो' म्हणून स्वतः मशीनवर बसतात. हात सुटत नाही हो, माझाही सुटत नव्हता. तेवढ्या वेळात बाकीची आठ मशीन वाऱ्यावर. त्याचं काम माणसं, माल आणि मशीन यांचा मेळ बसवणं. पार्ट काढायला ऑपरेटर आहे.

मॅनेजरसाहेबही कमी नाहीत. राउंडला येतात आणि थेट ऑपरेटरला सांगतात, 'हा मोल्ड उतरव, तो चढव, डिस्पॅचचा फोन आलाय.' सुपरवायझरला हे तासाभराने कळतं, तोवर प्लॅन कोलमडलेला. घाई खरी असेल, पण निरोप सुपरवायझरमार्फतच जाऊ द्या.

क्यूसीबद्दल, म्हणजे माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागाबद्दल, एवढंच: तपासणं त्यांचं, चांगला माल काढणं प्रॉडक्शनचं. 'क्यूसीने पास केला होता' हे उत्तर नाही. आणि दार उघडलं की मशीन थांबवणारा सेफ्टी डोअरचा लिमिट स्विच बांधून मशीन चालवायची परवानगी प्लँट हेडसुद्धा देऊ शकत नाही.

राहिला पाळीबदल. दहा वाजत आले की सगळ्यांचं लक्ष ठाण्याच्या लोकलकडे. लॉगबुकात 'सर्व ओके' लिहून माणूस रबाळे स्टेशनकडे पळतो. आम्ही शेवटी दोन पाळ्या पंधरा मिनिटं एकमेकींवर आणल्या. जाणारा आणि येणारा सुपरवायझर मशीनसमोर उभे राहून बोलतात: काय बिघडलं, कोणतं सेटिंग बदललं, कोणता माल अडकवून ठेवलाय. ड्रायरचं तापमान आता येणारा सेटर स्वतः बघून लिहितो आणि खाली सही करतो. पहिले काही दिवस लोकल चुकल्याची कुरकूर झाली. मग कंपनीने ती पंधरा मिनिटं ओव्हरटाइममध्ये धरली.