संयुक्त अभियांत्रिकी संशोधन : हक्क, नीती आणि स्त्रियांचा वाटा यांची तजवीज आधीच कशी करावी

बेळगाव परिसरात अभियांत्रिकी संशोधनाला लागणारे बहुतेक सगळे जवळच उपलब्ध आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय इथे आहे, उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तयार होतात आणि महामार्गाने थोडे उत्तरेला गेले की कोल्हापूरचा ओतकामाचा पट्टा लागतो. त्यामुळे इथले महाविद्यालय, एखादी फाउंड्री आणि सीमेपलीकडची संस्था असे तिघे मिळून प्रकल्प हाती घेतात, हे स्वाभाविकच आहे. अशा प्रकल्पांत बौद्धिक संपदेचा करार एका फायलीत, नीतिविषयक परवानगी दुसऱ्या फायलीत आणि स्त्रियांच्या सहभागाचे आकडे वार्षिक अहवालाच्या परिशिष्टात ठेवण्याची पद्धत आहे. ही विभागणी मला पटत नाही, कारण कोणाचे काम मोजले जाते आणि कोणाचे जात नाही, हाच प्रश्न या तिन्ही ठिकाणी असतो. म्हणून या तिन्हींची तजवीज एकत्र, लेखी आणि काम सुरू होण्यापूर्वी करावी.

उदाहरणादाखल, हिरव्या वाळूच्या (म्हणजे ओलसर, न भाजलेल्या वाळूच्या) साच्यातून निघणाऱ्या कास्टिंगमधील, म्हणजे ओतीव भागांतील, वायुछिद्रांचा दोष कमी करण्याचा प्रकल्प घेऊ. वाळू, बेंटोनाइट (चिकण माती) आणि पाणी यांचे प्रमाण, रायझरची (धातू आकसताना भर घालणाऱ्या साच्यातील पोकळीची) जागा आणि कास्टिंगचे कॅमेऱ्याने परीक्षण करणारा संगणकीय प्रोग्राम, असे त्याचे तीन भाग आहेत असे समजा. पहिल्या बैठकीत प्रत्येक भागीदाराने आपण सोबत काय आणत आहोत, हे लिहून द्यावे. फाउंड्रीचे वाळूचे मिश्रण हे तिचे व्यापारी गुपित आहे. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे त्याचे रक्षण मुख्यतः गोपनीयतेच्या करारावरच अवलंबून असते. याच वेळी एक गोष्ट आवर्जून विचारावी : ज्या सुट्या भागावर प्रयोग करायचे, त्याचे ड्रॉइंग कोणाचे आहे? पुष्कळदा ते फाउंड्रीचे नसून तिला ऑर्डर देणाऱ्या वाहन कंपनीचे असते आणि त्या कंपनीच्या परवानगीशिवाय ते प्रबंधात छापता येत नाही. हे दोन वर्षांनी लक्षात आले, तर विद्यार्थिनीचा प्रबंध अडकतो.

त्यानंतर मालकीचा प्रश्न येतो आणि इथे सर्वाधिक वेळ द्यावा. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 50 नुसार वेगळा करार नसेल, तर सहमालकांचा वाटा समान व अविभाजित असतो. प्रत्येक सहमालक दुसऱ्याला हिशेब न देता स्वतःच्या लाभासाठी पेटंट वापरू शकतो, मात्र इतरांच्या संमतीशिवाय परवाना देऊ शकत नाही किंवा आपला वाटा विकू शकत नाही. कागदावर हे न्याय्य दिसते, पण महाविद्यालयाकडे उत्पादन करण्यासाठी कारखाना नसतो. फाउंड्री दुसऱ्याच दिवसापासून नव्या पद्धतीने ओतकाम करू शकते, महाविद्यालयाच्या हाती मात्र प्रमाणपत्र उरते. म्हणून विक्रीवर किंवा बचतीवर किती स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यायचे, वाढते नूतनीकरण शुल्क कोणी भरायचे आणि एका भागीदाराने परवान्याला संमती नाकारली तर निर्णय कसा घ्यायचा, हे करारातच ठरवावे. करार इंग्रजीत होणार असेल, तर सही घेण्यापूर्वी कारखानदाराला त्यातील प्रत्येक कलम मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगावे. त्यासाठी एक दुपार गेली तरी चालेल.

मालक कोण आणि शोधकर्ता कोण, हे दोन निराळे प्रश्न आहेत. शोधाच्या कल्पनेत ज्याचा खरा वाटा आहे, तो शोधकर्ता. त्याची पदवी, पद किंवा पगार कायदा पाहत नाही. रायझरची जागा बदलण्याची युक्ती पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवणाऱ्या मिस्त्रीने सुचवली असेल, तर पेटंटच्या अर्जात त्याचे नाव आलेच पाहिजे. उलट, विभागप्रमुखांनी केवळ प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली असेल, तर त्यांचे स्थान आभारात आहे. विद्यार्थी हे संस्थेचे कर्मचारी नसतात, म्हणून त्यांचे हक्क आपोआप संस्थेकडे जातात असे गृहीत धरू नये. हस्तांतरण हवे असेल तर ते लेखी घ्यावे आणि मोबदल्यातील त्यांचा हिस्साही त्यातच लिहावा. नुसता संगणकीय प्रोग्राम पेटंटयोग्य नसतो, त्याला कॉपीराइटचे संरक्षण असते; त्यामुळे आपल्या उदाहरणातील कॅमेरा-प्रणालीचा विचार स्वतंत्रपणे करावा.

हे सगळे ठरवता यावे, यासाठी एक साधी वस्तू लागते, ती म्हणजे पानांवर क्रमांक घातलेली, बांधीव नोंदवही. प्रत्येक नोंदीखाली तारीख, लिहिणाऱ्याची सही आणि दर आठवड्याला एका साक्षीदाराची सही असावी. ‘ओलावा कमी करून पाहिला, छिद्रे घटली’ एवढी नोंद पुरेशी नाही. ‘ओलावा कमी करण्याची सूचना अमुक विद्यार्थिनीची, साचे अमुक कामगाराने केले, मोजमाप अमुक विद्यार्थ्याने घेतले’ असे लिहावे. शोधनिबंधावरील नावांचा क्रमही या वहीवरून ठरवावा आणि दर सहा महिन्यांनी तो सर्वांसमोर तपासावा.

स्त्रियांच्या वाट्याचा प्रश्न नेमका या नोंदींतून उघडा पडतो. गटात मुली निम्म्या असल्या, तरी मुलगे फाउंड्रीत आणि मुली महाविद्यालयात अहवाल लिहायला, ही वाटणी फार सहज होते. मग कल्पना शॉप फ्लोअरवर जन्मली असे सांगितले जाते आणि महिनोन्‌महिने आकडे जुळवून दोषाचे कारण शोधणारीचे नाव आभाराच्या ओळीत जाते. 1933 साली, पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेल्या कमला सोहोनी यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला आणि नंतर अटींवर दिला गेला. आज दार उघडे आहे, पण आत गेल्यावर कोणते काम वाट्याला येते, तिथे तीच वृत्ती दिसते. म्हणून नुसती डोकी मोजू नयेत. भट्टीवर कोण जाते, निबंध कोण सादर करते, कारखानदाराशी कोण बोलते, याची तिमाही नोंद ठेवून कामे फिरवावीत.

आता व्यावहारिक अडथळ्यांकडे वळू. ओतकाम रात्री होत असेल, तर खानापूरहून एसटीने येणाऱ्या मुलीला थांबता येणार नाही. प्रयोगाचे हीट (भट्टीतील एकेका वेळचे धातू वितळवणे) दिवसा घ्यावेत, अन्यथा वाहनाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा. कारखान्यात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का आणि योग्य मापाचे सुरक्षा-बूट मिळतात का, हे कराराआधी स्वतः जाऊन पाहावे. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान कारखान्याबाबतची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिन्यांची असते. तिन्ही भागीदारांच्या समित्यांची माहिती पहिल्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थिनीच्या हाती द्यावी. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा घेता येते. त्या काळात त्यांचे काम दुसऱ्याकडे गेले, तरी लेखकत्व जात नाही, असे करारात स्पष्ट लिहावे.

नीतीचा भाग ‘आमचा प्रयोग तर लोखंडावर आहे’ म्हणून टाळला जातो, ते बरोबर नाही. कास्टिंगवर रोखलेल्या कॅमेऱ्यात कामगारही दिसतात. उद्या मालकाने हजेरी किंवा कामाचा वेग पाहण्यासाठी तेच चित्रण मागितले, तर काय उत्तर द्यायचे? माझ्या मते उत्तर एकच आहे : ते द्यायचे नाही, आणि हे करारात आधीच लिहिलेले असावे. चेहरे पुसट करूनच चित्रण साठवावे. प्रयोग थेट माणसांवर असेल, तर अधिक जपावे लागते. निपाणीत विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीचा आणि मानेच्या ताणाचा अभ्यास करून आसन तयार करायचे असेल, तर त्याला संस्थेच्या नीती समितीची पूर्वमान्यता घ्यावी. संमतीपत्र बाईंच्या भाषेत असावे, मग ती मराठी असो, कन्नड असो की उर्दू. ते वाचून दाखवावे आणि त्या वेळी विड्यांचा ठेकेदार तिथे उपस्थित नसावा. काम देणाऱ्यासमोर दिलेला होकार मोकळ्या मनाचा असेलच असे नाही. मोजमापात जितका वेळ जातो, तितक्या वेळाची मजुरी बुडते. ती भरून द्यावी. त्यांनी सुचवलेल्या बदलांची नोंदही त्याच वहीत, त्यांच्या नावासह व्हावी.

प्रबंधाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे 2018 चे विनियम लक्षात ठेवावेत : इतर लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, 60 टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणी रद्द होते. संयुक्त प्रकल्पात एकाच प्रयोगाचे वर्णन दोघांच्या प्रबंधांत येते, म्हणून कोणता भाग कोण लिहिणार, हे आधीच वाटून घ्यावे.

प्रकाशनाची घाई मात्र करू नये. परिषदेत निबंध वाचला किंवा प्रदर्शनात यंत्र मांडले, की पेटंटसाठी लागणारे नावीन्य धोक्यात येते. कायद्यातील सवलती मोजक्याच आहेत. म्हणून जाहीर मांडणीआधी तात्पुरत्या विवरणासह (शोधाच्या प्राथमिक वर्णनासह) अर्ज दाखल करावा आणि 12 महिन्यांच्या आत संपूर्ण विवरण द्यावे, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. मान्य शैक्षणिक संस्थांना शुल्कात 80 टक्के सवलत आहे. कर्नाटकासाठी चेन्नईचे आणि महाराष्ट्रासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे. संयुक्त अर्जात पहिल्या क्रमांकावरील अर्जदाराचे ठिकाण महत्त्वाचे ठरत असल्याने बेळगावचे नाव आधी की कोल्हापूरचे, हे विचारपूर्वक ठरवावे.

विद्यार्थी पदवी मिळताच पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीसाठी जातात. पेटंटसाठी अर्ज करण्याचा हक्क सिद्ध करणारा कागद अर्जानंतर सहा महिन्यांत द्यावा लागतो आणि त्यावर शोधकर्त्यांच्या सह्या लागतात. म्हणून शेवटच्या तोंडी परीक्षेच्या आठवड्यातच सर्वांच्या सह्या, कायमचे पत्ते आणि नोंदवहीची एकेक प्रत घ्यावी. मिस्त्री आणि कामगार यांनाही त्याच बैठकीला बोलवावे.