भूरूपांवरचं पुस्तक घेताना हे पान आधी पाहा
मुलांसाठी डोंगर, दऱ्या, ज्वालामुखी यांवरचं पुस्तक निवडताना पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती आधी शोधा. कवचाखाली सगळीकडे उकळता लाव्हा दाखवला असेल तर ते पुस्तक नको. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, जवळजवळ सगळं घन खडकाचंच आहे, फक्त तो खडक अतिशय संथपणे सरकतो. द्रवरूप आहे तो त्याच्याही खालचा बाह्य गाभा. लहानपणी बसलेली ही चुकीची समजूत पुढे सहजी निघत नाही, म्हणून एवढा आग्रह. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या घन थराचे मोठाले तुकडे, किती हळू सरकतात हेही पुस्तकात हवं: वर्षाला काही सेंटीमीटर, साधारण नखं वाढतात तितकेच, आणि तरी त्यातूनच हिमालय उभा राहिला. चित्रं देखणी असली तर उत्तमच. वाचून झालं की वाळूच्या उतारावर बारीक धारेनं पाणी सोडा आणि दरी कशी कोरली जाते ते मुलांना निवांत बघू द्या.