बोअर मारायच्या आधी नवरा-बायकोनं वेगवेगळी चिठ्ठी लिहा

आमच्या निपाणी भागात पाणाड्यानं जागा दाखवली की गडी माणूस लगेच बोअरची गाडी बोलवायला तयार आणि बाई म्हणते थांबा की जरा, मग ती भित्री आणि तो धाडसी असं घरात ठरूनच जातं. तसं सरळ नाही ओ ते. 1999 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 150 अभ्यास एकत्र करून बघितलं, त्यात पुरुष सरासरीनं जास्त धोका घेतात हे खरं निघालं, पण धोका कशाचा आणि वय किती यावर तो फरक कमी-जास्त होतो.

म्हणून बोलायच्या आधी दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांचं न बघता. किती पैसे बुडाले तरी चालतील, आणि बुडाले तर घरातलं काय थांबेल. मी लिहिलं दोन लाख. हिनं लिहिलं साठ हजार, आणि खाली बारीक अक्षरात, "जूनला पोरीची फी, माझ्या पाटल्या आधीच गहाण." मी पाटल्या धरल्याच नव्हत्या, खरं सांगतो, लाज वाटली. जमीन माझ्या नावावर, गहाण तिचं सोनं, मग ती जपून बोलणारच की!

आणि हीच बाई पिको-फॉलचं मशीन घ्यायला तोटा सोसून पहिल्याच महिन्यात भिशी उचलून मोकळी झाली होती. त्यामुळं "तू घाबरतीस" असं म्हणायचंच नाही, कशाची काळजी वाटते ते विचारायचं.

मोबाईलवर शेअर बाजारात घेणं-विकणं करणाऱ्या पोरांनी तर हे जास्तच मनावर घ्या. अमेरिकेत 1991 ते 1997 मधली पस्तीस हजारांवर घरांची शेअरची खाती तपासली तेव्हा पुरुषांचे व्यवहार बायकांपेक्षा 45 टक्के जास्त निघाले, आणि त्या घेण्या-विकण्यापायी वर्षाचा परतावा गुंतवलेल्या शंभरामागं पुरुषांचा 2.65 नं घटला, बायकांचा 1.72 नं. म्हणजे नुकसान दोघांचंही, पण सारखी उलाढाल करणाऱ्याचं जास्त.

शेवटी थांबायचा आकडा गाडी यायच्या आधी दोघांनी मिळून ठरवायचा आणि सही करायची. आम्ही लिहिलं चारशे फूट. चारशेला नुसती पांढरी धूळ, गाडीवाला म्हणतोय अजून शंभर मारूया साहेब, माझी जीभ हो म्हणायला वळलीच होती, पण खिशात चिठ्ठी होती. बंद करा म्हटलं.

चिठ्ठी कॅलेंडरच्या मागं ठेवलीय, उसाचं बिल आलं की परत बसणार आहोत दोघं.